खाजकुइली : शेंगेची लव आणि बियांची मात्रा



पवनी तालुक्यातील एका वाचकांचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. वय ७१ वर्षे, प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे रात्रीतून चार-पाच वेळा लघवीसाठी उठावे लागते. पुण्यात राहणाऱ्या सूनबाईंनी काळजीपोटी त्यांना ‘बिच्छूबुटीचा चहा’ कुरिअरने पाठविला आहे. ही वनस्पती अंगाला लागली तर विंचू चावल्यासारखी आग होते, असे कोणीतरी त्यांना सांगितले. तेव्हा त्यांचा प्रश्न असा, की ही बिच्छूबुटी म्हणजे आपल्या रानातली खाजकुइलीच काय? तसे असेल तर तिला पोटात घेण्याची आपली छाती होत नाही.

पत्राचे उत्तर लेखाच्या शेवटी देतो. मात्र हा प्रश्न वाचून मला माझी एक जुनी चूक आठवली, आणि ती आपल्यापुढे मांडावी असे वाटले. खाजकुइलीच्या शेंगेला आपल्या जिल्ह्यातले शेंबडे पोरही हात लावीत नाही. तिच्याच बियांचे चूर्ण डबीत भरून घरात आले, की मात्र ते आपण निःशंक मनाने दुधात घालतो.

प्रथम ओळख करून घेऊ. बिच्छूबुटी ही हिमालयाच्या थंड उतारांवरची वनस्पती. इंग्रजीत तिला ‘स्टिंगिंग नेटल’ म्हणतात. गढवालात ती कंडाली, तर कुमाऊँमध्ये सिसूण. तिच्या पानांवर आणि देठांवर पोकळ केस असतात. त्यांचे टोक काचेसारखे ठिसूळ असते, कारण ते सिलिकाचे बनलेले असते. त्वचेचा स्पर्श होताच टोक मोडते आणि उरलेला केस इंजेक्शनच्या सुईप्रमाणे हिस्टामिन, अ‍ॅसिटाइलकोलिन, सिरोटोनिन अशी द्रव्ये आत सोडतो. पानांना उकळी आली की हा डंख संपतो, म्हणूनच पहाडातील गृहिणी चिमट्याने कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करतात.

आपल्याकडील उष्ण मैदानी रानात ही वनस्पती आढळत नाही. आपली आहे ती खाजकुइली. कोणी तिला कुहिली म्हणतात, कोणी काचकुरी. ही घेवड्याच्या कुळातली वेल. पावसाळा सरता सरता तिला गडद जांभळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. पुढे त्यांच्या जागी वाकड्या शेंगा धरतात आणि हिवाळ्यात वाळल्यावर सोनेरी-तपकिरी मखमलीसारख्या दिसतात. ती मखमल म्हणजेच ती कुप्रसिद्ध लव. संस्कृतात या वेलीला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडालाही खाज आणणारी. तिचे दुसरे नाव आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारी. नावे ठेवणाऱ्यांनी निरीक्षण केले होते, यात शंका नाही.

सध्या धानाची कापणी, चुरणी आटोपून लोक सरपणासाठी रानात जात आहेत आणि शेंगा वाळण्याचाही हाच काळ आहे. वारा सुटला की लव सुटी होऊन उडते. कोका अभयारण्याच्या कडेची गावे असोत वा झुडपी जंगलालगतचे टोले, डिसेंबर-जानेवारीत आठवड्याला एखादा तरी रुग्ण माझ्याकडे अंग ओरबाडत येतो. तो स्वतः रानात गेलेला असतोच असे नाही. गेल्या वर्षी आलेल्या एक आजी सहा महिन्यांत अंगणाबाहेर पडल्या नव्हत्या. नातवाने आणून टाकलेल्या मोळीला टेकून ऊन खात बसल्या, एवढाच त्यांचा अपराध. मोळीत वाळलेल्या वेलीचा एक तुकडा होता.

अशा वेळी आपला हात आपोआप खाजवायला जातो आणि तिथेच बिघडते. चोळल्याने लव आणखी खोल रुतते व बोटांवाटे मानेवर, पापण्यांवर पसरते. म्हणून अंग चोळू नये आणि कोरड्या फडक्याने पुसूही नये. शक्य असेल तर मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. मग चिकटपट्टी किंवा कणकेचा मऊ गोळा त्वचेवर दाबून सरळ वर उचलावा. लव त्याला चिकटून येते. दर वेळी नवी पट्टी, नवा गोळा घ्यावा. त्यानंतर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. अंगावरचे कपडे लगेच बदलून वेगळे धुवावेत, नाहीतर तेच कपडे घड्या घालणाऱ्या सुनेची पाळी येते. डोळ्यांत लव गेली असेल, तर डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

गावाकडे ओले शेण लावून वाळल्यावर खरवडण्याची रीत आहे. त्यामागचा विचार चुकीचा नाही, लव चिकटून निघते हे खरेच. परंतु खाजवून सोललेल्या त्वचेवर शेण म्हणजे धनुर्वाताला आणि पू होण्याला आमंत्रण. वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, आणि त्यात मधुमेह असेल तर साधा ओरखडाही आठवडेच्या आठवडे चिघळतो. कणकेने तेच काम होते.

इथे वृद्धांची सेवा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा ठासून सांगतो. खाज म्हटली की घरातली ‘खाजेची गोळी’ दिली जाते. ही जुनी, झोप आणणारी अ‍ॅलर्जीविरोधी गोळी हिस्टामिनचा परिणाम रोखते. खाजकुइलीची खाज मुख्यतः म्युकुनेन नावाच्या प्रथिनामुळे येते. ते त्वचेतील मज्जातंतूंना वेगळ्याच मार्गाने चेतविते, हिस्टामिनच्या मार्गाने नव्हे. त्यामुळे गोळीने खाज फारशी शमत नाही. रुग्णाला वाटते एक गोळी कमी पडली, म्हणून दुसरी घेतली जाते. वृद्धांमध्ये या गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो, क्वचित भ्रम होतो. आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अजिबात तुंबू शकते. खाजकुइलीच्या खाजेवर रात्री दोन गोळ्या घेऊन पहाटे फुगलेल्या ओटीपोटासह आलेल्या एका आजोबांना मी स्वतः नळी घातली आहे. लव काढणे हाच मुख्य उपचार. त्यानंतर थंड पाण्याच्या घड्या, कॅलामाइन लोशन, आणि आवश्यक तर डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टिरॉइड मलम.

(जाता जाता : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपातील वैद्य हीच लव पाकात कालवून जंतांसाठी रुग्णांना चाटवीत. जंतांचे काय झाले असेल ते असो, रुग्णांची मला कीव येते.)

आता बियांकडे वळू, आणि माझ्या चुकीकडेही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. लाखनीकडील एक निवृत्त शिक्षक, वय ७४, माझे जुने रुग्ण. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, होता. नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची एकत्रित गोळी दिवसातून तीनदा सुरू केली होती आणि गुरुजी छान चालत-फिरत होते. एके सकाळी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या. दोन आठवड्यांपासून गुरुजी रात्री उठून अंगणात कोणी बसले आहे असे सांगत, त्यांना चहा द्या म्हणून हट्ट धरीत. मान आणि खांदे सतत वळवळत होते. खाटेवरून उठताना दोनदा चक्कर येऊन पडलेही.

वृद्धांना अचानक भ्रम झाला की आम्ही डॉक्टर प्रथम लघवीतला जंतुसंसर्ग आणि रक्तातील सोडियम शोधतो. मीही तेच केले. लघवीत किरकोळ दोष निघाला. मी प्रतिजैविक दिले आणि चार दिवसांनी बोलावले. ‘दुसरे कोणते औषध चालू आहे काय?’ असे मी विचारले होते आणि ‘नाही’ हे उत्तर लिहूनही घेतले होते. चौथ्या दिवशी गुरुजींची अवस्था अधिक वाईट होती. तेव्हा त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, की दूधसुद्धा घ्यायला तयार नाहीत, त्यामुळे पावडर पोटात जात नाही नीट. कोणती पावडर, असे विचारता पिशवीतून डबी निघाली. कवचबीज चूर्ण, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा. मुलाने कंपवातासाठी नैसर्गिक उपाय म्हणून महिन्यापूर्वी मागविले होते. मी गुरुजींना म्हणालो, अहो, मी विचारले तेव्हा सांगितले का नाही? त्या स्थितीतही ते शिक्षकी ठामपणाने म्हणाले, ‘‘तुम्ही औषध विचारलं होतं, डॉक्टर. ही तर बी आहे.’’

गुरुजींचे उत्तर चुकीचे नव्हते, माझा प्रश्नच अपुरा होता.

कवचबीज म्हणजे खाजकुइलीचेच बी. लेव्होडोपा हे द्रव्य त्यात निसर्गतः असते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, साधारण चार ते सहा टक्के. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी या दोघा संशोधकांनी १९३७ सालीच या बियांतून ते वेगळे काढले होते. कंपवातावर लेव्होडोपा चालते हे जगाला कळायला पुढे १९६० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे गुरुजींची गोळी आणि गुरुजींची डबी यांत एकच औषध होते.

हिशेब करून पाहा. लहान चमचाभर चूर्ण सुमारे चार ग्रॅम भरते. पाच टक्क्यांनी त्यात २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा झाले, दोन चमच्यांत ४००. गुरुजींच्या एका गोळीत लेव्होडोपा होते १०० मिलिग्रॅम, दिवसाला तीन गोळ्या. तज्ज्ञांनी तोलून-मापून दिलेल्या मात्रेच्या वर तिच्याहून मोठी दुसरी मात्रा रोज पोटात जात होती. त्यातही एक मेख आहे. नुसते लेव्होडोपा घेतले तर त्याचा बराचसा भाग मेंदूपर्यंत पोचण्यापूर्वीच शरीरात खर्ची पडतो आणि मळमळ होते. हा अपव्यय थांबविण्यासाठीच गोळीत कार्बिडोपा घातलेले असते. चूर्णात कार्बिडोपा नसते. पण गोळी आणि चूर्ण दोन्ही घेणाऱ्याच्या शरीरात गोळीतले कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपाचीही पाठराखण करते. त्यामुळे चूर्णाचा परिणाम एरवीपेक्षा कितीतरी वाढतो. शिवाय ते दुधाबरोबर घेतले जाते. दुधातील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणतात, त्यामुळे एक दिवस परिणाम कमी, दुसऱ्या दिवशी अर्धा पेलाच दूध प्यायले तर अधिक. मात्रेला कसलाही ठाव राहत नाही.

चूर्ण मी त्या दिवशी बंद करविले, परंतु तज्ज्ञांशी फोनवर बोलून, गोळ्या तशाच चालू ठेवून. कंपवाताची औषधे एकाएकी थांबविली तर शरीर ताठरते, तीव्र ताप चढतो, आणि हे जिवावर बेतू शकते. भ्रम आवरण्यासाठी सर्रास वापरले जाणारे हॅलोपेरिडॉलसारखे औषधही कंपवाताच्या रुग्णाला घातक ठरते. ते मी दिले नव्हते, एवढेच समाधान. आठवड्याभरात अंगणातली मंडळी निघून गेली. मान वळवळायची थांबायला थोडा अधिक वेळ लागला.

हे सर्व वाचून ‘म्हणजे कवचबीज वाईट’ असा निष्कर्ष कृपया काढू नये. आयुर्वेदात ते बल्य आणि वातशामक म्हणून मान्यता पावलेले द्रव्य आहे. बिया दुधात उकळून, साल काढून शोधन करण्याचा विधी आहे, आणि माझ्या परिचयाचे वैद्य तो काटेकोरपणे पाळतात. आधुनिक अभ्यासही झाले आहेत. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवरील या बियांच्या उपचाराचा अनुभव १९७८ सालीच प्रसिद्ध केला. २००४ साली लंडनमधील एका छोट्या अभ्यासात, अवघ्या आठ रुग्णांवर, ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम गोळीच्या तुलनेत जवळपास निम्म्या वेळात दिसू लागला. मात्र ती मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेली होती. माझ्या दृष्टीने या अभ्यासांचा अर्थ असा, की हे बी खरोखरीच औषध आहे, आणि म्हणून त्याला मात्रा आहे, दुष्परिणाम आहेत, इतर औषधांशी भांडण आहे. निरुपद्रवी असते तर ते उपयोगीही झाले नसते.

लागवडीची, खाज न आणणारी जातही बाजारात मिळते. तिच्या बियांत लेव्होडोपा नसते असे काहीजण समजतात, तो गैरसमज आहे. १९८९ साली मोझांबिकमध्ये दुष्काळात लोकांनी याच बिया नीट न शिजवता, उकळलेले पाणी टाकून न देता खाल्ल्या, तेव्हा दोनशेहून अधिक माणसे एकाएकी भ्रमिष्टासारखी वागू लागली होती. बी तेच होते, मात्रा तेवढी बदलली होती.

तेव्हा ज्यांच्या घरी कंपवाताचे रुग्ण आहेत, त्यांनी आजच कपाट उघडून पाहावे. कवचबीज, कौंच, कपिकच्छू, म्युकुना, इंग्रजीत ‘व्हेल्वेट बीन’, यांपैकी कोणतेही नाव ‘ताकदीच्या’ चूर्णावर, च्यवनप्राशासारख्या अवलेहावर किंवा जोम वाढविणाऱ्या कॅप्सूलवर दिसले, तर ती डबीच डॉक्टरांकडे न्यावी. नाव सांगण्यापेक्षा डबी दाखविणे केव्हाही चांगले. रक्तदाबाच्या गोळ्या, नैराश्याची किंवा अन्य मनोविकारांची औषधे घेणाऱ्यांनीही हे करावे. लेव्होडोपाने उभे राहताना रक्तदाब उतरतो आणि मनोविकार उफाळू शकतो. कंपवाताच्या गोळ्या सोडून फक्त चूर्णावर राहण्याचा सल्ला कोणीही, कितीही आपुलकीने दिला तरी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय मानू नये. मी स्वतः आता रुग्णाला ‘औषध’ विचारीत नाही. चूर्ण, काढा, चहा, बी, पाला, लेप आणि देवळातून आणलेली पुडी, सगळे नाव घेऊन विचारतो. वेळ जातो, बाहेर बाकावर बसलेले कुरकुरतात.

आता पवनीच्या पत्रलेखकांसाठी. आपल्या पाकिटातली बिच्छूबुटी खाजकुइली नव्हे, तिच्यात लेव्होडोपाचा प्रश्न नाही, आणि उकळलेल्या चहाने घसा खाजणार नाही. परंतु प्रोस्टेटसाठी जर्मनीत जी वापरली जाते ती बिच्छूबुटीची मुळे. त्यांनी लघवीचा त्रास काहीसा कमी होतो असे काही अभ्यास सांगतात. वाढलेली ग्रंथी मात्र त्यांनी लहान होत नाही. आपल्या पाकिटावर ‘पाने’ असे छापलेले आहे, तसे आपणच लिहिले आहे. पाने मूत्रल आहेत, म्हणजे लघवी वाढविणारी. रात्री जेवणानंतर हा चहा घेतलात तर चारच्या जागी सहा वेळा अंधारात उठावे लागेल, आणि या वयात मांडीचे हाड मोडण्याची वेळ बहुधा अशाच एका फेरीत येते. रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिनसारखी गोळी आपण घेत असाल तर हा चहा अजिबात नको, कारण पानांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते व ते या गोळीचा परिणाम कमी करते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांशीही त्याची जोड तपासावी लागेल.

हे सारे बाजूला ठेवले तरी आपल्या पत्रात आपण तपासणीचा उल्लेख कोठेच केलेला नाही. ग्रंथी वाढली आहे हे कोणी, केव्हा आणि कशावरून सांगितले? सोनोग्राफी, लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती लघवी उरते त्याचे माप, मूत्रपिंडाची रक्ततपासणी, आणि डॉक्टर सुचवतील तर पीएसए, एवढे या महिन्यात करून घ्यावे. लघवीतून रक्त आले, ताप आला किंवा लघवी तुंबली, तर महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. तोपर्यंत संध्याकाळी सातनंतर पाणी व चहा कमी करावा, खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर एक दिवा चालू ठेवावा. सूनबाईंना पाकीट पोचल्याचे जरूर कळवा. तपासणीला जाताना ते सोबत न्या. फोडू मात्र नका.